आकडा खाली ओढणारं घर

३ नोव्हेंबर

मामा,

फोनवर तुला तिसऱ्या वाक्याला धाप लागते आणि मग मामी फोन हिसकावून घेते, म्हणून हे पत्र. तूच म्हणालास ना, कागदावर धाप ऐकू येत नाही. तर आता निवांत वाच आणि निवांत शिव्या दे.

माझी बदली झाली. तक्रारींच्या खिडकीवरून थेट बचत विभागात. हसू नकोस. वीज विकणाऱ्या कंपनीत बचत विभाग म्हणजे मिठाईच्या दुकानात मधुमेहाचा डॉक्टर बसवल्यासारखं वाटतं, हे मलाही कळतं. पण सरकारने कायदाच तसा केलाय. कंपनीने नवी वीज विकत घेण्याआधी बघायचं की तेवढीच वीज गिऱ्हाइकाच्या घरात वाचवणं स्वस्त पडतं का. पडत असेल तर आधी पैसे तिथे घालायचे. छपराच्या आत ऊब धरून ठेवणारा जाड थर, खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या, जुना हीटर काढून नवा. गिऱ्हाइकाला सगळं फुकट. अट एकच, की हे खरंच स्वस्त पडतं असं सिद्ध झालं पाहिजे. नाही झालं तर बंद.

पहिल्या खेपेला साहेबांनी तुमचीच गल्ली धरली आहे. काम सगळ्या घरांत होईल, पण मोजणीला थोडीच घरं घेतली आहेत, चिठ्ठ्या टाकून. गेल्या थंडीत त्या घराने किती वीज वापरली आणि या थंडीत किती, एवढंच बघायचं. मार्चमध्ये वीज नियामक आयोगापुढे सुनावणी आहे. आकडा बसला तर पुढच्या वर्षी पुलापलीकडची सगळी वस्ती घेणार. नाही बसला तर विभागाला कुलूप, आणि मी परत खिडकीवर लोकांची बोलणी खायला.

आता गंमत ऐक. चिठ्ठीत तुझं घर निघालं. मी काही केलेलं नाही, शपथ. साहेबांनी यादी वाचली आणि तुझ्या घरापाशी नाक मुरडलं. तुझं ऑक्सिजनचं मशीन आत्ता सप्टेंबरात आलं, गेल्या थंडीत ते नव्हतं. म्हणजे दिवसरात्र वीज खाणारी एक नवी वस्तू. 'हे घर आकडा खाली ओढणार,' म्हणाले. मी म्हटलं, वगळू या. तर वगळता येत नाही. पूर्वी कुठल्याशा कंपनीने गैरसोयीची घरं मोजणीतून गुपचूप गाळली होती, तेव्हापासून नियम झालाय की चिठ्ठीत निघालं ते निघालं, सबब चालणार नाही. लहानपणी तू माझी वेणी ओढायचास, आता आकडा ओढ.

माणसं पुढच्या आठवड्यात येतील. त्यांच्याशी भांडू नकोस.

तुझी,
भिंगरी


१९ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं, मग तिने माझ्या हातून काढून पुन्हा वाचलं. तुझ्या नव्या खात्याचा तिला अभिमान वाटतो, पण ते खातं नेमकं काय करतं हे तिला अजून पटलेलं नाही. ती म्हणते, वाचवायचंच होतं तर कंपनीने आधी विकली कशाला.

तुझी माणसं आली. दोन पुरुष आणि एक बाई. एकजण माळ्याच्या झरोक्यातून वर गेला आणि लांबलचक पाइपने करड्या रंगाचं काहीतरी फुसफुसत राहिला, दुसरा सबंध दिवस शिंकत होता. मामीने पलंगावर, टेबलावर आणि जवळपास माझ्यावरही जुनी वर्तमानपत्रं पसरली. बाई हुशार. तिने खिडकीशी धूर सोडणारी एक कांडी धरली, म्हणाली, धूर पळेल तिथे फट. आमच्या घरात धूर कुठे कुठे पळावा हे त्यालाच सुचेना. मला धुराचा त्रास नको म्हणून मशीनसकट स्वयंपाकघरात कोंडलं होतं, दाराच्या फटीतून मी तिला फटी दाखवत होतो.

काम झकास झालंय. तुझी मामी घरात पायमोजे न घालता फिरते, हे दृश्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहतोय.

आता तुझ्या साहेबाबद्दल. मी उभं आयुष्य या कंपनीसाठी लोकांचे मीटर वाचले. कोणी चहा पुढे केला, कोणी कुत्रं सोडलं, दोघांचाही आकडा जो होता तोच लिहिला. त्या कंपनीच्या माणसाने माझ्या घराला नाक मुरडावं याचा मला राग आला, सरळ सांगतो. आता मी दाराजवळ खुर्ची टाकून आपल्याच मीटरसमोर बसतो. नव्या मीटरला चकती नाही, एक तांबडा दिवा लुकलुकतो. जितकी वीज जास्त तितका तो घाई करतो. मशीन चालू असलं की त्याचा जीव नुसता वरखाली होत असतो, आणि बंद केलं की निवांत. हे मी मामी दुकानात गेली असताना करून पाहिलं. तिच्याकडे बोलू नकोस.

पुलापलीकडच्या वस्तीत मी बरीच वर्षं रीडिंग घेतलं आहे. तिथे मीटर स्वयंपाकघरात असतात, आणि थंडीत सगळं घर स्वयंपाकघरात झोपतं, कारण गरम असते ती तेवढीच खोली. मीटरपर्यंत पोचायला मला झोपलेल्या पोरांवरून पाय टाकून जावं लागायचं. एकदा एकाच्या बोटावर पाय पडला तर ते पोर रडलंसुद्धा नाही, कूस बदलून परत झोपलं, इतकं गारठलेलं. त्या घरांना तुझा तो थर मिळाला पाहिजे. साहेबाला सांग, आमचं घर कोणाला खाली ओढत नाही.

मामा


१५ डिसेंबर

मामा,

वाईट बातमी आधी सांगते. गल्लीचे पहिल्या महिन्याचे आकडे आले आणि साहेबांचा चेहरा उतरला. कामात खोट नाही. थर नीट बसलाय, फटी बुजल्यात. घोळ केला तो माणसांनी. तुझ्या शेजारची शिवणकामवाली गेल्या थंडीत एकच खोली गरम ठेवायची, बाकीच्यांची दारं लावून घ्यायची. यंदा तिने सगळी दारं उघडून टाकलीत. कोपऱ्यावरच्या मास्तरांनी हीटर चढवून ठेवलाय, म्हणतात, आता परवडतंय तर कुडकुडत कशाला बसू. म्हणजे आम्ही जी वीज वाचवली ती लोकांनी ऊब म्हणून वापरून टाकली. साहेब म्हणाले, 'ऊब आपल्या तक्त्यात नाही. तक्त्यात युनिट आहेत.' मी शिवणकामवालीला समज द्यायला गेले होते. ती बाह्या दुमडून कापड बेतत होती आणि गुणगुणत होती. मी पाणी पिऊन परत आले.

आता चांगली बातमी. ती म्हणजे तू. सगळ्या मोजणीत तुझं घर पहिलं आलंय. मशीन धरूनसुद्धा गेल्या थंडीपेक्षा कमी. साहेबांचा विश्वास बसेना, मीटर बिघडलाय का बघायला माणूस पाठवला होता, तो मामीचा चहा पिऊन 'मीटर ठीक' असं सांगून आला. मग मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, 'हे घर बघा, काम असं व्हायला हवं.' तुझ्या घरातल्या कुठल्या फटी आधी बुजवायच्या हे मी ठरवलं होतं, हे त्यांना बरोबर आठवलं. मी भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीटिंगमध्ये कोणी माझ्याकडे वळून पाहिलं.

साहेबांनी एक विचारायला सांगितलंय. मशीन डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू असतं ना? नुसतं 'हो' लिहिलंस तरी चालेल, फायलीला लावायला बरं पडतं.

तुझी,
भिंगरी


२ जानेवारी

भिंगरे,

हो. घे, लिहिलं. फायलीला लाव.

खरं सांगायचं तर मशीनची गरजच कमी झाली आहे. डॉक्टर म्हणाले, घर उबदार असलं की छाती मोकळी राहते, मग कमी हवाही पुरते. म्हणजे याचंही श्रेय तुझंच. पूर्वी ते रात्रभर कोपऱ्यात घरघरायचं, आता जरा शांतता असते. शांततेत तुझ्या मामीचं बोलणं जास्त ऐकू येतं, एवढाच तोटा.

हे पत्र थोडं थोडं करून लिहितोय. एका बैठकीत संपत नाही. मामी म्हणते अक्षर बिघडलं. आधी कुठे मोत्याचे दाणे होते.

शिवणकामवालीला बोलली नाहीस ते बरं केलंस. ती बाई किती थंड्या एका खोलीत काढून बसली आहे ते मला माहीत आहे. तिला दारं उघडू दे. तिच्या वाटचं मी भरून काढतो. खुर्चीत हलायचं नाही, बोलायचं नाही, मग माणसाला किती थोडं पुरतं हे मला या वयात कळतंय. जेवण झालं की मी दाराशी बसतो आणि तो तांबडा दिवा बघतो. तो जितका सावकाश लुकलुकेल तितकं मला बरं वाटतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे लिहिले. हा एक माझा आहे.

तुला मीटिंगमध्ये मान मिळाला हे वाचून फार बरं वाटलं. तुझी आई असती तर तिने हे गल्लीभर सांगितलं असतं. ती नाही म्हणून मी सांगतो, पण दोनच घरांपर्यंत पोचतो, मग बसावं लागतं.

मामा


२१ जानेवारी

मामा,

तुझं वाक्य साहेबांनी उचललं. घर उबदार असलं की आजारी माणसाला मशीनसुद्धा कमी लागतं, हे त्यांनी आयोगापुढच्या निवेदनात घातलंय, सगळ्यात वर. म्हणाले, हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं. तुझं नाव नाही घातलं, 'एक ज्येष्ठ ग्राहक' असं आहे. तर ज्येष्ठ ग्राहक, तुम्ही आता मोठे झालात.

डिसेंबरचा आकडा सगळ्यांचाच थोडा सुधारला, पण पुरेसा नाही. मी मांडून पाहिलं. तुझं घर सोडलं तर गल्ली थोडक्यात हुकते. तुझं घर धरलं तर बसते. जानेवारी आणि फेब्रुवारी तुझ्याकडे असेच गेले तर पुलापलीकडची वस्ती आपली झाली म्हणून समज. सगळं तुझ्यावर आहे, असं म्हटलं तरी चालेल.

या रविवारी यायचं ठरवलं होतं, पण निवेदनाचं काम आहे. सुनावणी झाली की चार दिवस येऊन राहते. मामी फोनवर तुटक बोलली. 'बरे आहेत' म्हणाली आणि ठेवून दिला. माझ्यावर रागावली आहे का? फार दिवसांत आले नाही म्हणून असेल. तिला सांग, आले की हाताखालच्या कामाला जुंपून घे मला.

तुझी,
भिंगरी


६ फेब्रुवारी

भिंगरी,

मी मामी लिहिते आहे. ह्यांनी मला लिहायचं नाही अशी ताकीद दिली होती. आता हे दवाखान्यात आहेत आणि तोंडावर मास्क आहे, तेव्हा ताकीद कोण देणार.

परवा दुपारी मी बाहेरून आले तर हे खुर्चीत मीटरसमोर. ओठ निळे. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण मला ओळखलं नाही. मशीन बंद होतं. ते नेहमीच बंद असायचं. तुला हे माहीत नाही असं ह्यांचं म्हणणं आहे, आणि मला ते खरं वाटतं, पण माहीत करून घेणं तुला फार जड गेलं असतं असंही वाटत नाही.

नोव्हेंबरात हे फक्त जेवणानंतर बंद करायचे. म्हणायचे, थोडा वेळ कानाला विश्रांती. मग सकाळीही. मग मी झोपले की. मी चालू केलं की हे खुर्चीतून उठायचे, भिंत धरत धरत जायचे आणि बंद करायचे. त्या उठण्यात ह्यांची इतकी हवा जायची की मशीनने तितकी दिलीच नसती. म्हणून शेवटी मी चालू करणं सोडलं. हे मला आता कोणाला तरी सांगायचं होतं. मी चालू करणं सोडलं.

डॉक्टर काही बोलले नव्हते, छाती मोकळी झाली वगैरे. हे डॉक्टरकडे गेलेच नाहीत. भांडले तेव्हा म्हणाले, पोरीचं खातं बंद पडेल. आणि पुलापलीकडच्या पोरांचं सांगायचे, कोणाच्या तरी बोटावर पाय पडला होता ते. मी म्हटलं, त्या पोरांना आता मिशा आल्या असतील. तर म्हणाले, त्यांची पोरं झाली असतील ना.

तुझं पत्र ह्यांच्या उशाशी असायचं. त्यात तू लिहिलं होतंस, आकडा ओढ म्हणून. तू गमतीने लिहिलंस. हे आयुष्यभर सगळ्यांची गंमत करत आले, पण कोणी ह्यांची केलेली गंमत ह्यांना कधी कळली नाही. तुला दोष देत नाही असं लिहायला बसले होते. पण देते. आणि मलाही देते.

जमेल तेव्हा ये. आकड्यांचं काही असलं तरी ये.

मामी


२५ फेब्रुवारी

मामी,

मामाचे दिवस झाल्यावर मी निघाले तेव्हा तू दारात उभी राहिली नाहीस. नेहमी राहतेस. मी वळून पाहिलं आणि मग पुढे गेले.

कामावर पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट केली, ती तुला सांगते. मीटर नवे आहेत, दर तासाला किती वीज गेली त्याची रेघ माझ्या कॉम्प्युटरवर दिसते. आम्हाला महिन्याची बेरीजच लागते, म्हणून मी आत कधी उघडून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. नोव्हेंबरात दुपारी एक खड्डा पडतो. डिसेंबरात तो रुंद होत जातो. जानेवारीच्या शेवटी खड्डाच उरतो, अधूनमधून एक उंचवटा दिसतो, ते तू चालू केलेलं. मामी, हे सगळं माझ्याच टेबलावर होतं. बोटाने एकदा दाबायचं होतं.

मी साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, खुर्ची ओढून जवळ बसले. म्हणाले, फार वाईट झालं. मी म्हटलं, हे घर काढा. तर म्हणाले, काढता येत नाही, नियम तुला माहीत आहे. मी म्हटलं, मग निवेदनातलं ते वाक्य तरी काढा. ते त्यांनी काढलं. पण आकडा राहिला. आणि आता तर मशीन पूर्णच बंद असणार, म्हणजे शेवटचे दिवस आणखी चांगले दिसणार. मामा गेल्यामुळे गल्ली बसते आहे. असं लिहायला नको, पण तेच आहे.

साहेब म्हणाले, गप्प राहिलीस तर पुलापलीकडे शेकडो घरं गरम होतील, आणि तुझ्या मामांनाही तेच हवं होतं. बोललीस तर ती घरं गेली, आणि मामा तर परत येत नाहीत. रोज उठते ती बोलायचं असं ठरवून, आणि ऑफिसात पोचेपर्यंत ते पोर आठवतं, बोटावर पाय पडलेलं.

सुनावणी मार्चअखेर आहे, मोजणी मार्चच्या मध्यापर्यंत. तू सांग. तू म्हणशील तसं करते.

भिंगरी


४ मार्च

भिंगरी,

मला विचारू नकोस. विचारतेस म्हणजे तुला बोलायचं नाही आणि कोणीतरी तसं सांगावं अशी तुझी इच्छा आहे. मी सांगणार नाही.

तुझ्या साहेबाने म्हटलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं. ह्यांनाही तेच हवं होतं म्हणे. ह्यांना काय हवं होतं ते मला विचार. ह्यांना या थंडीत स्वतःचं घर उबदार झालेलं बघायचं होतं, माझ्याशी वाद घालायचा होता आणि तुझं कौतुक ऐकायचं होतं. मरायचं नव्हतं. शेवटच्या दिवशी माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठले. मरायला तयार असलेला माणूस असा धरत नाही.

मशीन न्यायला दवाखान्याचा माणूस आला होता. मी त्याला सांगितलं, महिन्याच्या मध्यानंतर ये. तो म्हणाला, आता काय उपयोग. मी म्हटलं, मला आहे.

तू गेलीस त्या संध्याकाळपासून मशीन चालू आहे. दिवसा, रात्री, मी दुकानात गेले तरी. हे असते आणि डॉक्टरांचं ऐकलं असतं तर जेवढी वीज लागली असती तेवढी मी जाळते आहे. मी काही ह्यांचं हरवलेलं भरून काढत नाही, ते कोणाला जमायचं. पण ह्यांचा श्वास कोणी बचतीत धरायचा नाही, एवढं मी माझ्या घरात बघू शकते. शिवणकामवाली आवाज ऐकून आली, तिला वाटलं मला वेड लागलं. मी तिला सगळं सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, मी दारं लावून घेतली असती हो. मी म्हटलं, खबरदार लावशील तर.

पुलापलीकडच्यांचं मला वाईट वाटेल. खरंच वाटेल. पण त्यांना ऊब द्यायची असेल तर कंपनीने द्यावी, सरकारने द्यावी. माझ्या माणसाने दिली ती पुरे.

आता तू बोल किंवा बोलू नकोस. मीटर काय बोलायचं ते बोलतोय.

मामी


१२ एप्रिल

मामी,

मी बोलले. सुनावणीत साहेबांचं निवेदन संपल्यावर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, मामाचं, मशीनचं, माझ्या पत्राचं, आणि मार्चमध्ये तू मशीन का चालवलंस तेसुद्धा. आयोगाचे अध्यक्ष वयस्कर आहेत. त्यांनी चष्मा काढला, सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, आणि आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. मग चहा आला.

निकाल परवा लागला. तुला फोनवर सांगणार होते, पण मीही आता तिसऱ्या वाक्याला अडकते.

मामाचं घर मोजणीतून काढलं, खास बाब म्हणून. ते काढल्यावर गल्ली थोडक्यात हुकली. पण थोडक्यात हुकली म्हणून योजना बंद केली नाही. आणखी एक वर्ष दिलंय, पुलापलीकडची वस्तीही दिली आहे. हे वाचून तुला बरं वाटेल असं मला वाटलं होतं, मलाही वाटलं, दोन ओळींपुरतं. खाली अट आहे. ज्या घरात आजारी माणसासाठी असं मशीन चालतं ते घर योजनेत घ्यायचं नाही. रुग्णांच्या हितासाठी, असं लिहिलंय. पुन्हा कोणी मामासारखं करू नये म्हणून. माझ्या बोलण्याचा हा अर्थ त्यांनी काढला.

मी साहेबांना म्हटलं, मोजणीत घेऊ नका, पण घरात काम तर करा. थर घाला, पट्ट्या लावा. ते म्हणाले, चिठ्ठीतली घरं बाकीच्या घरांच्या वतीने मोजतात, पण मशीनवाली घरं चिठ्ठीतच नसतील तर त्यांच्यात वाचलं हे सिद्ध कसं करणार, आणि सिद्ध होत नाही तिथे कंपनीला खर्च करता येत नाही. कायदाच तसा आहे. ते बरोबर आहेत, मामी. मी पहिल्या पत्रात मामाला हेच कौतुकाने समजावलं होतं.

आज यादी घेऊन मीच पुलापलीकडे गेले. कोणत्या घरात मशीन आहे ते बघून ते घर खोडायचं, हे काम माझ्याकडे आलंय. मला नकार देता आला असता, पण मग दुसरं कोणी तरी नुसतं दारावरून बघून गेलं असतं. बरीच घरं ठीक निघाली. एका घरात शिरले तर दारापासूनच घरघर ऐकू आली. नवरा पूर्वी ट्रक चालवायचा, आता स्वयंपाकघरात पलंगावर पडून असतो, नाकाला नळी. भिंतींना ओल, खिडकीच्या फटीत कागदाचे बोळे कोंबलेले. बायको माझी वाटच बघत होती. सगळ्या वस्तीला बातमी कळली आहे, तिने माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती.

मी तिला सांगितलं, तुमचं घर बसत नाही, मशीन आहे म्हणून. कारणही सांगितलं, मामाचं सगळं. ती लक्ष देऊन ऐकत होती, मला वाटलं तिला पटलं. मग ती उठून आत गेली. नवऱ्याशी हळू आवाजात काही बोलली, त्याने मान हलवलेली मला दिसली.

बाहेर येऊन ती म्हणाली, 'मशीन परत केलं तर घर घ्याल का?'

मी नाही म्हटलं. चढ्या आवाजात म्हटलं असावं, कारण ती दचकली. ती म्हणाली, हे तयार आहेत, साहेबांना विचारून तर बघा. उद्या परत यायला सांगितलंय तिने.

भिंगरी